निंब आडवा आला

माणसाच्या आयुष्यात कोण कधी आडवं येईल, याचा काही नेम नाही. कुणाच्या लग्नाला मंगळ आडवा येतो, कुणाच्या प्रमोशनला सिनिऑरिटी आडवी येते, आणि अगदीच कुणी नसलं तर मांजर आहेच. माझ्या टेलिव्हिजनला निंब आडवा आला.

निंब म्हणजे कडुनिंब. आमच्या बोदवडकडे त्याला नुसतं निंब म्हणतात. जो मे महिन्यात सावली देतो, त्याला 'कडू' म्हणायला आमची जीभ रेटत नाही. ज्या मुलखात पारा पंचेचाळिसावर जाऊन बसतो, तिथे दारात निंब असणं ही बँकेतल्या फिक्स्ड डिपॉझिटपेक्षा खात्रीची गोष्ट आहे. डिपॉझिटवरचं व्याज कमी होतं. निंबाची सावली दरसाल वाढतेच.

आमच्या अंगणातला निंब अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लावलेला. या निंबाचा आणि टेलिव्हिजनचा संबंध फार जुना. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या घराला धाबं होतं. धाब्यावरच्या ॲन्टेनाला जळगाव-भुसावळकडचं चित्र धड मिळत नसे. पडद्यावर सदा मुंग्यांची वारी. मग अप्पांनी एक लांब बांबू आणला, त्याच्या टोकाला ॲन्टेना बांधला आणि बांबू थेट निंबाच्या शेंड्याला नेऊन आवळला. दर रविवारी सकाळी मी झाडावर, अप्पा अंगणात, आई उंबऱ्यात आणि घरात अर्धी गल्ली, अशी मांडणी असे. मी बांबू फिरवायचा. घरातली माणसं आईला सांगायची, आई अप्पांना सांगायची आणि अप्पा मला.

"आलं का?"

"आलं, आलं! गेलं! अरे, होतं तिथंच ठेव!"

'होतं तिथं' म्हणजे नेमकं कुठं, हे झाडावरच्या माणसाला कधीच कळत नाही. निम्मं रामायण मी असं फांदीवर बसून ऐकलं. सांगायचा मुद्दा, राम आमच्या घरी आला तो निंबाच्या खांद्यावर बसून.

पुढे केबल आली आणि ॲन्टेना भंगारात गेला. धाब्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. अप्पाही गेले. निंब मात्र वाढत राहिला. मग २०१७ उजाडलं. नोटाबंदीने नोव्हेंबरपासून आम्हा बँकवाल्यांची आधीच भुकटी केली होती. त्यात सरकारने ३१ मार्च २०१७ नंतर गावोगावची जुनी केबल बंद, आता सगळं डिजिटल, असं जाहीर केलं. केबलवाला म्हणाला, "साहेब, सेट टॉप बॉक्स घ्या आन् महिन्याला पैसे भरा." मी बी.कॉम. माणूस. 'महिन्याला पैसे' हे शब्द ऐकले की माझी मान आपोआप नकाराकडे वळते. दूरदर्शनची फ्री डिश एकदाच घ्यायची, नंतर दमडी नाही, हे मला शाखेतल्या शिपायाने सांगितलं होतं. दीड हजारात काम झालं.

फेब्रुवारीच्या अखेरीस एक पोरगा डिश घेऊन आला. त्याने मोबाइलवरचं होकायंत्र पाहिलं, आग्नेयेकडे हात केला, पुढच्या कठड्याला डिश ठोकली, एक शिट्टी वाजवणारा मीटर लावला आणि पंधरा मिनिटांत सह्याद्री वाहिनी आमच्या दिवाणखान्यात आणून सोडली. चित्र असं स्वच्छ, की निवेदिकेच्या साडीची किंमत हिने घरबसल्या सांगितली. समोर निंब होता, पण तो पानझडीतला. नुसत्या काड्या. त्या पोराला त्यात आकाश दिसलं, मलाही दिसलं. कर्जदाराची मार्चमधली बॅलन्सशीट पाहून कर्ज देणाऱ्या मॅनेजरची जी चूक होते, तीच आमची झाली.

कारण चैत्र यायचा होता. निंबाला लालसर कोवळी पालवी फुटली, ती हिरवी झाली, आणि २८ मार्चला गुढीपाडवा आला. सकाळी मी रिवाजाप्रमाणे निंबाची पानं गुळाबरोबर खाल्ली आणि संध्याकाळी निंबाने आमचा टीव्ही खाल्ला. आधी निवेदिकेच्या चेहऱ्याचे चौकोन झाले, मग आवाज तुटला आणि शेवटी निळ्या पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली. दिवसभर बँकेत मी काउंटरवर येईल त्याला "लिंक नाही" असं सांगतो. लोक काय काय बोलतात, हे मी ऐकतो. त्या दिवशी घरी येऊन तेच सगळं मी टीव्हीला बोललो.

आता तुम्ही म्हणाल, बांबूवरच्या ॲन्टेनाला जे झाड चाललं, ते डिशला का चालू नये? मीही हेच म्हटलं. पण त्या काळच्या लहरी काही हात लांबीच्या. पानाफांद्यांना त्या फारशी दाद देत नसत. डिशची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. पानात पाणी असतं, त्या पाण्यात ती विरून जाते. हिची झेप बघा. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर उपग्रह. आमचा जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये पार दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातून सोडलेला. तिथून निघालेली लहर एवढं अंतराळ कापून बोदवडला येते आणि शेवटच्या दहा फुटांवर निंबाच्या पानात अडकते. दिल्लीहून निघालेल्या अनुदानाची गोष्ट याहून वेगळी नसते.

गावात बातमी पसरली आणि सल्लागार जमू लागले. एकाने सांगितलं, डिशला कापूस लावा. आमच्याकडे कापूस पिकतो म्हणून तो कुठेही लावावा, असं थोडंच आहे? दुसऱ्याने डिशच्या मागे लिंबू-मिरची बांधली. तिसऱ्याचं ऐकून मी दहा फुटी पाइप आणला आणि डिश त्याच्या टोकावर चढवली. चित्र आलं! पण वैशाखातली वावटळ आली, पाइप डुलू लागला आणि डिश बोटभर जरी हलली तरी चित्र जाऊ लागलं. वारा पडला की बातम्या, वारा सुटला की निळा पडदा. शेवटी एका रात्री पाइपच आडवा झाला.

शेजारचे नाना अनुभवी. त्यांनी तंबाखू मळत निकाल दिला, "काय राजा, एवढा विचार करतो! झाड तोडून टाक. दोन वर्षांचं सरपण होईल."

घरात यावर दोन पक्ष पडले. ही म्हणाली, "पानं झाडून झाडून माझी कंबर गेली, तोडा." आई काहीच बोलली नाही. खरी अडचण तिथेच होती, कारण टीव्हीची खरी गरज आईलाच होती. गुडघे चालत होते तोवर ती कोथळीहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायची. महिनाभराहून जास्त दिवसांची ती वाट. गुडघे संपले तेव्हापासून आषाढीला पहाटे उठून, आंघोळ करून, पाटावर बसून ती सह्याद्रीवर विठ्ठलाची महापूजा बघते. तेवढीच तिची वारी. त्या वर्षी आषाढी ४ जुलैला होती. म्हणजे वारी पाहिजे तर झाड जाणार, झाड पाहिजे तर वारी जाणार. आणि झाड अप्पांचं.

मी कारकून माणूस. भावनेचा प्रश्न आला की मी आकडेमोड करतो. नानांच्या नातीचं दहावीचं गणिताचं पुस्तक मागून आणलं. अकरावीला मी कॉमर्स घेतलं ते ज्या 'टॅन'ला भिऊन, तो पंचवीस वर्षांनी नाही तरी वीस वर्षांनी दारात उभा राहिला होता. काठीच्या सावलीवरून झाडाची उंची काढली, चौतीस फूट. गच्ची अकरा फुटांवर. म्हणजे डिशच्या वर तेवीस फूट झाड. मग चिरंजीवांच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि दोरा घेऊन डिश किती वर बघते ते मोजलं. निघाले पस्तीस अंश. पस्तीसचा टॅन ०.७. तेवीस भागिले ०.७. बँकेच्या कॅल्क्युलेटरने सांगितलं, झाडापासून तेहेतीस फूट मागे सरका.

आमची गच्ची सव्वीस फुटांची. तेहेतिसावा फूट म्हणजे नानांचं न्हाणीघर.

हिशेब तीनदा तपासला. टॅली झाला. आकडे जुळले की बँकेतल्या माणसाला पुढे काही सुचत नाही. झाड जाणार, हे ठरलं. १९७५ सालात झाडांच्या बाबतीत दोन मोठ्या गोष्टी झाल्या, असं मी तेव्हा शोधून काढलं. एक, त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर टेलिव्हिजन दाखवण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यात महाराष्ट्र नव्हता. दुसरी, त्याच वर्षी नागरी भागातली झाडं जपण्याचा कायदा झाला. त्यात मात्र महाराष्ट्रच होता. पहिल्या गोष्टीचा झाडांशी काय संबंध, हे तेव्हा कुणाला ठाऊक नसावं. मला झालं. मी झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज लिहायला घेतला. तीन प्रतींत. 'विषय' लिहिला, 'महोदय' लिहिलं, आणि 'कारण' या शब्दापुढे पेन अडलं. 'आईला विठ्ठल दिसत नाही' हे कारण कुठल्या रकान्यात बसतं, ते मला ठरवता येईना.

अर्ज टेबलावर ठेवून मी बसलो होतो, तेव्हा आईने तो वाचला. तिला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचते. वाचून झाल्यावर चष्मा पुसत म्हणाली, "झाडाले हात लावू नको, बापा. इठ्ठल काय, मनात दिसतो."

हे वाक्य ऐकायला फार चांगलं असतं. पण ते ऐकल्यावर मुलाला झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी आमचा जुना केबलवाला आला. मार्चची बाकी न्यायला आला होता, पण ओट्यावर बसून चहा घेता घेता गच्चीवर आडवी पडलेली डिश आणि माझे गणिताचे कागद त्याने पाहिले. वीस वर्षं त्याने गावाला चित्रं पुरवली होती. घराच्या माळवदावर त्याच्या माणूस झोपेल एवढ्या छत्र्या होत्या. मी हिशेब समजावून सांगितला. तो हसायला लागला.

"साहेब, डिश पस्तीसवर दिसते, पण ती पस्तीसवर पाहत नाही."

"म्हणजे?"

"ही डिश तिरक्या नजरेची. ते पुढे दांडीवर बोंडूक आहे ना, ते खालच्या अंगाला बसवलेलं असतं, त्याची सावली डिशवर पडू नये म्हणून. सिग्नल वरून तिरपा येतो आणि खाली त्याच्यावर पडतो. तिची नजर दिसते त्याहून वीस-बावीस अंश वर. हा सॅटेलाईट आपल्याकडून अठ्ठावन्नवर आहे."

मी थक्क झालो. आमच्या शाखेत एक हेडकॅशिअर होते. मान लेजरमध्ये आणि नजर घड्याळावर. त्यांच्याकडे पाहून कुणालाही वाटावं, हा माणूस कामात आहे. डिशची तऱ्हा तीच निघाली. तिच्या मानेकडे पाहून मी एका झाडाला फाशीची शिक्षा सुनावली होती.

अठ्ठावन्नचा टॅन १.६. तेवीस भागिले १.६, साडेचौदा फूट. गच्ची सव्वीस फुटांची! हातातला कॅल्क्युलेटर मी दोनदा झटकून पाहिला. पण आता माझा माझ्या गणितावर विश्वास राहिला नव्हता. झाड काही खांबासारखं सरळ नसतं. कुठली फांदी कुठे पसरली, ते दहावीच्या पुस्तकात नसतं. मी विचारलं, "नक्की जागा कशी ठरवायची?"

"सोपं आहे," केबलवाला म्हणाला. "वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर या सॅटेलाईटच्या मागे येतो. एकदा होळीच्या मागेपुढे, सकाळी सव्वाअकराच्या टायमाला. एकदा गांधीजयंतीच्या मागेपुढे, अकराच्या आधी. पाच-सात मिनिटं चित्र जातं. लोक मला शिव्या द्यायचे, मी सूर्याकडे बोट दाखवायचो. त्या टायमाला झाडाची सावली जिथे पडते, तिथे सिग्नल नाही. जिथे ऊन पडतं, तिथे डिश लावा. पण आता होळी होऊन गेली. गांधीजयंतीपर्यंत थांबा."

गांधीजयंती म्हणजे ऑक्टोबर. आषाढी जुलैत. माझा चेहरा पुन्हा निळा पडदा झाला.

आणि तेवढ्यात उंबऱ्यातून आईचा आवाज आला, "होळीच्या टायमाला सकाळी अकराचं ऊन ना? ते मले विचारा की! बिबड्या मी काय चांदण्यात वाळवते?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड. होळीच्या आसपास आमच्याकडे त्यांचा हंगाम सुरू होतो. पहाटे घाटा शिजवायचा, सकाळी गच्चीवर खाटा टाकून, त्यावर जुनी लुगडी अंथरून बिबड्या थापायच्या आणि दिवसभर उन्हावर नजर ठेवायची. बिबडीवर सावली आली की ती आंबते. चाळीस वर्षं आई दर फाल्गुनात निंबाच्या सावलीशी खाटांचा बुद्धिबळ खेळत होती. कुठल्या महिन्यात, किती वाजता, सावली कुठवर येते हे तिच्या पायांना माहीत होतं. गुडघे दुखत असताना, माझा हात धरून ती जिना चढली. एकेक पायरी. वर आल्यावर इकडेतिकडे न बघता सरळ पाण्याच्या टाकीशी गेली, टाकीच्या मागच्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "तठी टाकीपर्यंत सावली येते. अठी येत नाही. होळीले माझी पहिली खाट अठीच राह्यते."

मी टेप लावला. पहिल्या जागेपासून नव्हे, झाडाच्या बाजूने मोजलं. पंधरा फूट.

बी.कॉम.ला साडेचौदा आणि चौथी पास माउलीला पंधरा. त्यातही तिचा अर्धा फूट जास्तीचा, कारण फांद्या पसरतात, हे तिच्या हिशेबात होतं आणि माझ्यात नव्हतं.

केबलवाल्याने वीस फूट जादा वायर जोडली, डिश टाकीमागे ठोकली, मीटरने शिट्टी वाजवली आणि भर पालवीतल्या निंबाच्या डोक्यावरून सह्याद्री वाहिनी घरात उतरली. मी मार्चची बाकी दिली. वर काही देऊ लागलो, तर तो म्हणाला, "आईंनी बिबड्या दिल्या, झालं." ज्याचा धंदा मी फुकट डिश घेऊन बुडवला होता, त्यानेच ती लावून दिली. ही जमा कुठल्या खात्याला दाखवायची, ते मला अजून कळलेलं नाही.

४ जुलैला पहाटे बोदवडला पाऊस होता. पावसाचाही या लहरींना त्रास होतो. चित्र दोनदा चौकोन-चौकोन झालं, माझा जीव दोनदा खालीवर झाला, आणि मग मुख्यमंत्र्यांच्या हातून विठ्ठलाला दुधाची धार लागली ती स्वच्छ दिसली. आई पाटावर हात जोडून बसली होती. ही तिच्या शेजारी. बाहेर निंबावर पाऊस वाजत होता. कुणी काही बोललं नाही.

२ ऑक्टोबरला बँकेला सुट्टी. अकराला काही मिनिटं असताना आकाश निरभ्र आणि टीव्ही गेला. आई अंगणातून ओरडली, "गेलं रे!" मी गच्चीवर धावलो. टाकीपाशी निंबाची सावली पडली होती, आणि तिच्या पलीकडे दीड फुटावर डिश भर उन्हात चमकत होती. तिथेच उभा राहिलो. पाच मिनिटांनी खालून आवाज आला, "आलं!" तीस वर्षांपूर्वी अप्पा जिथे उभे राहायचे, त्याच जागेवरून.

त्यानंतर दर होळीला सव्वाअकराला मी गच्चीवर खडूने सावलीची रेघ मारतो. निंब वाढतो आहे. डिश आणि सावली यांच्यातलं अंतर दरसाल थोडं थोडं कमी होतं. या दराने सावली डिशपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, ते मी चक्रवाढीने काढून ठेवलं आहे. माझी रिटायरमेंट त्याच्या आधी आहे. नंतर गच्चीवर मागे आणखी नऊ फूट शिल्लक आहेत. तोडीचा तो अर्ज तीन प्रतींत टेबलाच्या खणात आहे. 'कारण' हा रकाना अजून कोराच आहे. आणि डिशने बळकावलेल्या जागेच्या भरपाईपोटी आईने माझी आरामखुर्ची ठेवायची जागा बिबड्यांच्या खाटेसाठी ताब्यात घेतली आहे.